स्मार्ट बोर्ड आला. प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे?

प्रवेशाचा हंगाम आला की राजवाड्याच्या आसपासचा एकही खांब मोकळा राहत नाही. शाळांचे फलक, शाळांची पत्रके, टाय लावलेले हसरे विद्यार्थी. पूर्वी या फलकांवर निकालाची टक्केवारी असे. मग वातानुकूलित बस आली. आता 'स्मार्ट क्लास', 'डिजिटल कॅम्पस' आणि 'व्हर्च्युअल लॅब' आहे. खजुरी बाजारात पुस्तके घ्यायला आलेले आपले पालक हे वाचतात, भारावतात आणि फीचा आकडा निमूटपणे मान्य करतात. 'आमच्याकडे आठवीचे प्रत्येक मूल स्वतःच्या हाताने विजेचे सर्किट जोडते' असे लिहिलेला फलक मात्र आमच्या पाहण्यात अजून आलेला नाही.

शाळेच्या चार भिंतींतला हा विषय आपल्या पत्रात कशाला, असे काही वाचक विचारतील. विषय पैशांचा आणि धोरणाचा आहे, म्हणून. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने आभासी प्रयोगशाळांचा पुरस्कार केला. २०२२-२३च्या केंद्रीय अर्थसंकल्पात विज्ञान आणि गणिताच्या ७५० व्हर्च्युअल लॅब उभारण्याची घोषणा झाली. आपल्या राज्यात 'सीएम राइज' शाळा निघाल्या, २०२५ साली त्यांचे 'सांदीपनि विद्यालय' असे नामकरण झाले, आणि स्मार्ट वर्ग हा त्यांच्या गौरवाचा एक मुद्दा आहे. खाजगी शाळा सरकारकडे बघतात, सरकार खाजगी शाळांकडे बघते, आणि दोघे मिळून पडदे विकत घेतात. पडद्याचे उद्घाटन करता येते, त्यापुढे फोटो निघतो. तारा, घट, लोहचुंबक आणि भिंगे भरलेल्या कपाटाचे उद्घाटन करायला कोणता विधायक येईल?

प्रथम एक गोष्ट साफ करू. संगणकाला आमचा विरोध नाही. आपल्या रामबागेतली आणि राजेंद्रनगरातली निम्मी तरुण पिढी पुण्या-बंगळुरूला संगणकावरच पोट भरते आहे. त्या यंत्राला नावे ठेवण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. सिम्युलेशन म्हणजे एखाद्या प्रयोगाचे संगणकावर चालणारे हुबेहूब चित्र. त्यात बटण सरकवले की लंबकाचा दोरा लांब होतो, दुसरे सरकवले की गुरुत्वाकर्षण चंद्रावरचे होते. कोलोराडो विद्यापीठात कार्ल वीमन या शास्त्रज्ञाने, २००१चे नोबेल मिळाल्यावर दुसऱ्याच वर्षी, 'फेट' नावाचा असा प्रकल्प सुरू केला. त्यातली सिम्युलेशन फुकट आहेत आणि मराठीतही मिळतात. ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांनी ती अवश्य पाहावीत.

त्याच विद्यापीठातल्या संशोधकांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास व्हर्च्युअल लॅबचे पुरस्कर्ते नेहमी पुढे करतात, आणि तो दडवून आमची बाजू मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. विजेच्या सर्किटचा पाठ काही विद्यार्थ्यांना खऱ्या तारा, दिवे आणि घट देऊन शिकवला, काहींना फक्त संगणकावर. पुढे चाचणी घेतली तेव्हा संगणकवाले विद्यार्थी सरस ठरले. संकल्पनांच्या प्रश्नांत तर ठरलेच, पण खऱ्या तारा हातात देऊन सर्किट जोडायला सांगितले त्यातही ठरले. हे कसे झाले? पडद्यावर तारेतून वाहणारे विद्युत्कण दिसतात. खऱ्या तारेत ते कुणालाच दिसत नाहीत. शिवाय नवशिक्या मुलाचा वेळ सैल जोडांत आणि वायरींच्या गुंत्यात जातो, तो वाचला.

निष्कर्ष मोलाचा आहे आणि आम्ही तो मान्य करतो. पण वाचकहो, त्या अभ्यासाची शेवटची कसोटी कशावर लागली तेही पाहा. ती खऱ्या तारांवर लागली. सिम्युलेशन चांगले शिकवते की नाही हे ठरवायला त्या विद्यापीठाला खरे दिवे आणि खरे घट टेबलावर ठेवावे लागले. खरी उपकरणे फेकून द्या असे ते संशोधकही म्हणाले नाहीत. आपल्याकडे हा अभ्यास उद्धृत होतो तो नेमका उपकरणे न घेण्याचे कारण म्हणून. जिथे दोन्ही आहे तिथे पडद्याने काय भर पडते, हा त्यांचा प्रश्न होता. जिथे एकच परवडते किंवा एकच सोयीचे वाटते, तिथे काय जाते, हा आपला आहे.

काय जाते ते एका साध्या लंबकावरून सांगतो, कारण हा प्रयोग तुमच्या-आमच्या पिढीतल्या बहुतेकांनी एकदा तरी केलेला आहे. दोरा, लोखंडी गोळी, खिळा आणि घड्याळ. एक मीटर लांबीचा लंबक इंदुरात एका झोक्याला दोन सेकंदांहून किंचित जास्त वेळ घेतो. पन्नास झोक्यांना साधारण १०० सेकंद आणि वर अर्धा. त्यावरून गुरुत्वत्वरण काढले की ९.७९च्या जवळ आकडा येतो. पडद्यावर हा प्रयोग दोन मिनिटांत होतो आणि दरवेळी बरोबरच येतो.

खरा दोरा घेऊन बसलेल्या मुलाचे काय होते? एकजण दोऱ्याची लांबी गाठीपर्यंत मोजतो, गोळीच्या मध्यापर्यंत मोजत नाही. एक सेंटिमीटर कमी पडतो आणि उत्तर ९.६९ येते. दुसरीने गोळी सोडतानाच 'एक' म्हटले, 'शून्य' म्हटले नाही. तिचे पन्नास झोके म्हणजे प्रत्यक्षात एकोणपन्नास, आणि उत्तर निघते १०.१९. तिसऱ्याने गोळी हौसेने साठ अंशांपर्यंत ओढून सोडली. अशा मोठ्या झोक्याला सुमारे सात टक्के जास्त वेळ लागतो, हे त्याच्या पुस्तकात बारीक अक्षरात आहे आणि त्याने वाचलेले नाही. चौथ्याचे घड्याळावरचे बोट पाव सेकंद उशिरा पडले. आता वर्गात चार उत्तरे आहेत. चांगली बाई असेल तर ती म्हणेल, कोण चुकले ते मी सांगणार नाही. कुठे चुकले ते तुम्ही शोधा. त्या अर्ध्या तासात मुले वस्तुमानाचा मध्य म्हणजे काय ते शिकतात, एका झोक्याऐवजी पन्नास का मोजायचे ते शिकतात, मोजणे म्हणजे काय ते शिकतात. पडद्यावरच्या लंबकाला गाठ नसते. लांबी किती ते संगणक स्वतःच लिहून देतो, म्हणजे भौतिकशास्त्रातला निम्मा प्रश्न मुलाच्या हाती पडण्याआधीच सोडवलेला असतो.

आणखी एक भेद आहे आणि तो आम्हाला सर्वांत मोठा वाटतो. सिम्युलेशनमध्ये काय घडायचे ते लिहिणाऱ्याने आधीच लिहिलेले असते. नियम खरा आहे म्हणून लंबक तसा हलतो असे मुलाला वाटते, पण तो तसा हलतो कारण कुणीतरी त्याला तसे हलायला सांगितले आहे. मूल तिथे पुस्तकातलेच वाक्य हलत्या चित्रात पुन्हा वाचते. खरा दोरा कुणाचे ऐकत नाही. पुस्तक चुकले तर तोच सांगेल, गुरुजी चुकले तर तोच सांगेल. पुढाऱ्यांचे आकडे न तपासता गिळणारे मतदार नकोत असे आपण म्हणतो, तर स्वतः मोजून पाहण्याची सवय मुलांना कुठे लागणार?

अर्थात खऱ्या प्रयोगशाळांचा कारभारही सोवळा आहे असे नाही. बारावीच्या भौतिकशास्त्रात १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. हे तीस गुण कसे मिळतात हे इंदुरातल्या कोणत्याही घरात विचारा. मोठ्या भावाची फाइल, त्यावरून ताईची फाइल, त्यावरून धाकट्याची. ९.८ आणायचे ठरलेले, मग उलटे गणित करून झोक्यांचा वेळ लिहायचा. भंवरकुआँच्या कोचिंगमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत बसणारी मुले नावापुरत्या शाळेत दाखल असतात. त्यांच्या फायलीही पूर्ण असतात. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेच्या अभ्यासक्रमात २०२४ पासून 'प्रायोगिक कौशल्ये' असा स्वतंत्र भाग आला. व्हर्नियर, स्क्रू गेज, लंबक सारे त्यात आहे. परीक्षा मात्र चार पर्यायांतून एक निवडण्याची. म्हणजे व्हर्नियरचे चित्र बघून वाचन सांगायचे, व्हर्नियर हातात न धरता. तेव्हा पडद्याचे पुरस्कर्ते आम्हाला म्हणू शकतात की तुम्ही ज्या खऱ्या प्रयोगाचे गोडवे गाता तो होतो तरी कुठे? त्यांचे म्हणणे रास्त आहे. न झालेल्या खऱ्या प्रयोगापेक्षा झालेले सिम्युलेशन केव्हाही बरे. पण मग प्रयोग का होत नाहीत ते बघायला नको का?

हे बघायला फार लांब जावे लागत नाही. इटारसीच्या गाडीत बसावे. आपल्याच राज्यात, होशंगाबाद जिल्ह्यात (आता नर्मदापुरम), तीस वर्षे असा एक कार्यक्रम चालला की ज्याकडे देशभरातले शिक्षणतज्ज्ञ पाहत होते, आणि आपल्या समाजातल्या फार थोड्यांना त्याची आठवण आहे. १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी सरकारी परवानगीने सोळा माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोगातून शिकवायला सुरुवात केली. किशोर भारतीचे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले काम सोडून इकडे आलेले. टाटा संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सुटीत येऊन खेड्यातल्या गुरुजींबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करीत. १९७८ मध्ये कार्यक्रम सबंध जिल्ह्यात गेला, १९८२ मध्ये त्यासाठी 'एकलव्य' ही संस्था निघाली, आणि पुढे देवास, उज्जैन, धार, मंदसौर असे करत तो माळव्यातही पोचला. शेवटी पंधरा जिल्ह्यांतल्या शेकडो सरकारी शाळांत तो चालू होता.

पद्धत अशी होती. चार मुलांची टोळी. प्रत्येक टोळीला किटमधले सामान. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात उत्तरे छापलेली नसत. प्रयोग करा, काय दिसले ते आपल्या शब्दांत लिहा, मग वर्गात चर्चा करा, असे असे. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा, कारण पाठांतर तपासायचेच नव्हते. आणि प्रात्यक्षिकाची परीक्षा खरोखर हाताने द्यायची. शिक्षकांना उन्हाळ्यात प्रशिक्षण, मग महिन्याच्या महिन्याला गोष्ठी, तिथे 'माझ्या वर्गात हे जमले नाही' असे उघड बोलायचे. मुलांना पडलेले प्रश्न 'सवालीराम' या काल्पनिक माणसाला पत्राने विचारायचे आणि सवालीराम उत्तर धाडी. हे सारे महागड्या शाळांत झाले नाही. छपराच्या, बाकडी नसलेल्या सरकारी शाळांत झाले. ज्यांना वाटते की प्रयोग हे श्रीमंतांचे काम आहे आणि गरिबाला पडदाच परवडतो, त्यांनी हे लक्षात घ्यावे.

टेल्कोत नोकरी करणारा आयआयटी कानपूरचा एक अभियंता १९७८ साली रजा काढून इथे आला. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगपेटीच्या काड्या जोडून भूमितीच्या आकृत्या करण्याची युक्ती त्याला इथेच सुचली. ते अरविंद गुप्ता. पुढे पुण्याच्या आयुकात, नारळीकरांनी उभारलेल्या संस्थेत, त्यांनी मुलांसाठी विज्ञान केंद्र चालवले. त्या केंद्राच्या इमारतीमागे पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे दातृत्व आहे. २०१८ मध्ये गुप्तांना पद्मश्री मिळाली. पुण्याचे लोक त्यांच्या खेळण्यांचे कौतुक करतात ते योग्यच आहे, पण ही कल्पना नर्मदेच्या काठची, हे त्यांना आणि आपल्यालाही सांगायला हवे.

आता हा कार्यक्रम मेला कसा? तो मारला गेला. २००२ साली राज्य सरकारने तो बंद करण्याचा निर्णय घेतला. भोपाळमध्ये सरकार काँग्रेसचे, बंद करण्याची मागणी लावून धरणाऱ्यांत जिल्ह्यातले भाजपचे विधायक, आणि आधार जिल्हा नियोजन समितीच्या ठरावाचा. एरवी पाण्याच्या टाकीवरूनही भांडणारे दोन पक्ष इथे एक झाले. कारण दिले गेले की दहावीचा निकाल कमी लागतो, आमची मुले मागे पडतात. सहावी ते आठवीच्या विज्ञानाच्या पद्धतीमुळे दहावीचा सगळा निकाल कसा पडतो, हे कुणी नीट सिद्ध केले नाही. देशातल्या शास्त्रज्ञांनी विनंत्या केल्या, त्यांचा उपयोग झाला नाही. कार्यक्रमात उणिवा होत्याच. प्रशिक्षित शिक्षकांच्या बदल्या होत, किटमधले संपलेले सामान वेळेवर भरून येत नसे, काही शाळांत पेट्या बंदच राहत. पण हे दुरुस्त करण्यासारखे होते, आणि दुरुस्तीचे काम सरकारचेच होते.

यातली मौज अशी की त्याच सरकारने २००० साली 'हेडस्टार्ट' नावाची योजना आणून जनशिक्षा केंद्रांच्या शाळांत संगणक धाडायला सुरुवात केली होती. मुलांना संगणकावर धडे दाखवायचे, असा बेत. चालू असलेला हातांचा कार्यक्रम बंद, येणारा पडद्याचा कार्यक्रम सुरू. वीज किती तास असे हे त्या काळच्या मध्यप्रदेशात राहिलेल्यांना सांगायला नको. २००३ची निवडणूक विजेवर आणि रस्त्यांवरच झाली. आजचे सरकार दुसऱ्या पक्षाचे आहे, वीज आहे, पडदा मोठा झाला आहे. ओढा मात्र तोच राहिला. म्हणून आम्ही हा प्रश्न कोणत्याही एका पक्षाच्या दारात ठेवत नाही.

खाजगी शाळांतही आणि सरकारीतही प्रयोगशाळा कुलूपबंद राहण्याचे खरे कारण आम्हाला शिक्षक मंडळींकडून अनेकदा कळले आहे, आणि ते अगदी क्षुल्लक आहे. सामान शिक्षकाच्या नावावर स्टॉक रजिस्टरमध्ये चढवलेले असते. भिंग फुटले की जाब त्याला. राइट-ऑफ करायला तीन सह्या. प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी. अशा वेळी कोणता शहाणा शिक्षक चाळीस मुलांच्या हातात भिंगे देईल? तो कपाटाला कुलूप लावतो, किल्ली प्राचार्यांकडे देतो आणि पडदा लावतो. पडद्यावरचे भिंग फुटत नाही. व्हर्च्युअल लॅबच्या लोकप्रियतेमागे शिक्षणशास्त्र कमी आणि हे रजिस्टर जास्त आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आमच्या हिशेबी ज्या शाळेत वर्षभरात एकही परीक्षानळी फुटली नाही, तिथे एकही प्रयोग झालेला नाही.

केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅबची योजना २०१६ पासून आहे, शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते, आणि २०२५-२६च्या अर्थसंकल्पात सरकारी शाळांसाठी पाच वर्षांत आणखी पन्नास हजारांची घोषणा झाली. कल्पना हाताने काम करण्याचीच आहे, म्हणून आम्ही तिचे स्वागत करतो. पण रोबोटची पेटी आणि थ्री-डी प्रिंटर आणून ठेवले आणि रजिस्टरची भीती तशीच राहिली, तर तीही कुलुपात जाईल.

पडदा आणि हात यांची खरी जोडी कशी असावी याचा नमुना आपल्या अगदी जवळ आहे. इंदुरातल्या राजा रामण्णा केंद्रात इंडस-२ हे यंत्र आहे, १७२.५ मीटर परिघाच्या कड्यातून इलेक्ट्रॉन फिरतात. ते शाळेत आणता येणार नाही. तिथे मुलाला सिम्युलेशनच दाखवावे, तिथे ते थोर आहे. हेच केंद्र मराठवाड्यातल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ होत असलेल्या लायगो-इंडिया या गुरुत्वलहरींच्या वेधशाळेत पुण्याच्या आयुकाबरोबर भागीदार आहे. म्हणजे होळकरांच्या इंदुरातली विद्या ज्योतिर्लिंगाच्या गावी चालली आहे. दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली तर लहर कशी दिसेल, हे शास्त्रज्ञ आधी संगणकावर काढतात. मग आरसे टांगून, लेझर सोडून, खरी लहर येते का ते बघत बसतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेत ती पहिल्यांदा सापडली तेव्हा जगाने जल्लोष केला. संगणकावर ती वर्षानुवर्षे दिसतच होती, त्याचा जल्लोष कुणी केला नव्हता.

शाळेतल्या मुलासाठी हाच खेळ राजवाड्यापुढे करता येतो, आणि खर्च एका काठीचा. इंदूर कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेला आहे. त्यामुळे वर्षातून दोनदा, ७ जूनच्या आसपास आणि पुन्हा ५-६ जुलैच्या सुमारास, सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली जवळजवळ नाहीशी होते. जुलैत ढग दगा देतात, म्हणून जूनचा मुहूर्त बरा. पुण्याला हा दिवस मेच्या मध्यावर येतो, उज्जैनला आपल्यानंतर चार-सहा दिवसांनी. ग्वाल्हेरच्या आपल्या सोयऱ्यांना तो कधीच लाभत नाही. यात होळकरांचा शिंद्यांवर काही विजय नाही, भूगोल आहे. मुलाने मोबाइलवर आकाशाचे सिम्युलेशन उघडून तारीख आणि वेळ आधी काढावी. मग काठी रोवून, दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करावी. सर्वांत लहान सावली बारा वाजता पडत नाही, साधारण बारा पंचवीसला पडते, हे त्याला जमिनीवर दिसेल आणि तो विचारेल, का? कारण आपले घड्याळ ८२.५ रेखांशाचे आणि राजवाडा जवळजवळ पावणेसात अंश पश्चिमेला. हा प्रश्न पडदा विचारू देत नाही, कारण तो उत्तर आधीच सांगून मोकळा होतो. इतर दिवशी त्याच काठीच्या आणि राजवाड्याच्या सावल्या एकाच वेळी मोजून सात मजल्यांची उंची काढता येते. आपल्यापैकी कितीजणांनी ती कधी काढली आहे? सवाई जयसिंगाने उज्जैनला जंतरमंतर बांधले ते सावल्या मोजण्यासाठीच, आणि आपण तिथे सहलीला जाऊन फोटो काढून येतो.

होळकर संस्थानाने १८९१ मध्ये महाविद्यालय काढले, तेच आजचे होळकर विज्ञान महाविद्यालय. आपल्या कित्येक घरांतले आजोबा-पणजोबा तिथे शिकले. विज्ञानावर सार्वजनिक पैसा खर्च करण्याची परंपरा आपल्या समाजाला नवी नाही, आणि तिचा हिशेब मागण्याचा अधिकारही आपला आहे. तेव्हा मंडळाच्या सभासदांनी पुढील गोष्टी कराव्यात अशी आमची विनंती आहे. मुलाच्या शाळेच्या पालक सभेत स्मार्ट बोर्डाची चौकशी करू नये. गेल्या वर्षी प्रयोगशाळेत काय काय फुटले, काय संपले आणि काय नवे घेतले, ते विचारावे. सरकारी शाळेबाबत २००५च्या माहितीच्या अधिकाराखाली प्रयोगशाळा सहायकाच्या किती जागा रिकाम्या आहेत आणि उपभोग्य सामानावर किती खर्च झाला हे लेखी मागता येते. वकील मंडळी आपल्यात कमी नाहीत. राजवाड्याच्या वॉर्डात मते मागायला पार्षदकीचा किंवा विधायकीचा जो उमेदवार येईल, तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याला विचारावे की तुमच्या निधीतून शाळेला पडदा दिलात तर तारा, घट आणि भिंगांसाठी दरवर्षी किती देणार, आणि फुटलेल्या सामानाचा जाब शिक्षकाला विचारू नये असा आदेश काढायला भोपाळला तुम्ही पत्र लिहिणार का.

आणि मंडळाने स्वतः एक पेटी करावी. जेल रोडवरून घट, दिवे आणि तारा, बर्तन बाजारातून दोन पितळी वाट्या, खजुरी बाजारातून आलेखाचा कागद, कुठल्याही सायकलवाल्याकडून व्हॉल्व्हची नळी, आणि एक मीटरचा दोरा. ही पेटी ग्रंथालयातल्या पुस्तकासारखी आठवड्याला घरी न्यायला द्यावी. परत येताना त्यातले काही मोडलेले असेल तर दंड घेऊ नये. पहिल्या पेटीचा खर्च उचलायला हे पत्रक काढणारे आम्ही तयार आहोत. ७ जूनला दुपारी बाराच्या आत राजवाड्यापुढच्या बागेत, अहिल्यादेवींच्या पुतळ्यापाशी जमावे. काठी, खडू, साहुल आणि घड्याळ घरून आणावे, डोक्याला टोपी घालावी, आणि मुलांना आणावे.